फुंकरची अंगठी

प्रिय ढालगज,

हे नाव वाचून दचकली असशील. संगणकावरच्या खेळातलं आपलं नाव आपल्या सवंगड्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं तुला वाटतं. पण ते तुला पहिल्यांदा कुणी ठेवलं, आठव. सातवीत असताना वर्गातल्या दोन दांडगटांना दप्तराने बडवून तू घरी आलीस, तेव्हा दारातच मी म्हटलं होतं, आली आमची ढालगज भवानी. तीन वर्षांपूर्वी माझ्याशी बोलणं टाकलंस आणि त्याच नावाने ढाल घेऊन लढायला उभी राहिलीस. म्हणजे घरातून निघताना माझी एक तरी शिवी तू जपून नेलीस. तेवढ्या आधारावर लिहिते आहे. अक्षर ओळखून पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब. रविवारच्या आत हे पूर्ण वाचायला हवं.

तर, तुमच्या टोळीतली फुंकर मी आहे. निदान दोन वर्षं मीच होते. जिने तुमच्या जखमा भरल्या पण एक अक्षर टाइप केलं नाही, जिला तुम्ही मौनीबाई म्हणता, ती दर आठवड्याला एक बोचरा लेख पाडणारी तुझी आई. तुमच्या तिरंदाज काकांनी एकदा विचारलं होतं, बाई, बोटं मोडलीत का तुमची? त्यावर ती आग फेकणारी पोरगी, काडेपेटी, म्हणाली, काका, न बोलणारीलाच धरून ठेवा, बोलणाऱ्या घरोघरी आहेत. इकडे मला इतकं हसू आलं की चहा सांडला. तरी गप्प बसले. एक ओळ लिहिली असती तर तू मला स्वल्पविरामावरून ओळखलं असतंस.

तुझा पत्ता मला आमच्या साप्ताहिकात पानं लावणाऱ्याकडून लागला. जेवणाच्या सुट्टीत तो सांगत होता, आमच्या खेळात ढालगज नावाची एक बाई आहे, राक्षसाला आधी शिव्या घालते आणि मग ढाल. माझा घास हातातच राहिला. त्याच संध्याकाळी त्याला मला खेळ शिकवायच्या कामाला लावलं. तुमच्या टोळीला वैद्य हवा होता. माझ्यासारख्या बाईने वैद्य व्हावं, हा त्याच्या मते त्या वर्षातला सर्वांत मोठा विनोद होता.

नवशिके करतात तेच मीही केलं. मिळेल तो गुण उपचाराच्या ताकदीत ओतला. जड काठी, जड माळ; एक मंत्र टाकला की डोळे दिपतील एवढा आकडा. पानं लावणारा म्हणाला, मॅडम, ज्याला चिमूटभर लागलंय त्याला घागरभर देऊन काय उपयोग? उरलेलं सांडतं, तुमचं मंत्रबळ आटतं, आणि खरी वेळ येते तेव्हा तुम्ही रिकाम्या. त्याला काय ठाऊक, की घरातही मी तेच करत आले होते. मग मी तुझ्याकडे पाहायला शिकले. तू मागे वळून बघत नाहीस. सगळे तयार आहेत का ते न विचारता आत घुसतेस, आणि तुला एकच मोठा घाव बसत नाही, बारीक बारीक शंभर बसतात. त्यावर मोठ्या मंत्राची नाही, झटपट छोट्या मंत्रांची गरज असते. म्हणून मी ताकद उतरवली आणि वेग चढवला. वेगाचे हातमोजे, मंत्रबळ लवकर भरून आणणारा कंबरपट्टा, आणि लांबवर पोचणारी काठी, कारण तू लांबच जातेस. चिवटपणा शून्य. अंगावर साधा सुती झगा. पानं लावणारा म्हणाला, एक फटका बसला तर तुम्ही आडव्या. मी म्हटलं, ती पुढे उभी असताना माझ्यापर्यंत पोचतो कोण?

एक वस्तू मात्र मी पेटीच्या तळाशी दडवली होती. बंधाची अंगठी. ती घातली की आपला उपचार एका माणसावर तिप्पट लागू पडतो; पण मग त्या माणसाला दुसऱ्या कुणाचाच लागत नाही. काकांची पट्टी नाही, काडेपेटीचा काढा नाही, त्याच्या स्वतःच्या पिशवीतली मुळीसुद्धा नाही. लोक ती मिळताच फेकून देतात. मी फेकली नाही. खरं सांगते, खेळायला बसण्याआधी रोज एकदा ती काढून बघायची आणि परत ठेवायची. आयांना असलंच काही आवडतं.

आता तो लेख. तुझं लग्न सात महिन्यांत मोडलं आणि मी 'संसाराची हमी' म्हणून अडीच स्तंभ लिहिले. मिक्सरला दोन वर्षांची हमी मिळते, जावयाला सात महिन्यांचीही नाही, वगैरे. लोक हसून लोटपोट झाले. तुझ्या चष्म्याच्या दुकानात कुणीतरी तो कापून फलकावर लावला, आणि दिवसभर तू त्याच्याखाली उभी राहून गिऱ्हाइकांचे नंबर तपासलेस. हे मला तुझ्या मावशीने सांगितलं. तोवर तू फोन बंद केला होतास, आणि तुला विनोद कळत नाही म्हणून मी तुझ्यावर चिडले होते.

गेल्या महिन्यात माझं पित्ताशय काढलं. हसू नकोस, डॉक्टरही हसले. म्हणाले, आता लेख कसे लिहिणार? साधी शस्त्रक्रिया होती, पण टाक्यात पू झाला आणि अकरा दिवस मी इस्पितळात पडून होते. पहिले तीन दिवस तर भूल न मानवल्याने शुद्धच नव्हती. घरी संगणकाचं यंत्र बंद, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या उशाखाली. परत आल्यावर घाबरत खेळ उघडला. वाटलं, अकरा दिवस वैद्य नाही म्हटल्यावर तुम्ही दुसरी कुणी घेतली असेल.

तुम्ही कुणालाच घेतलं नव्हतं. फुंकर रोज संध्याकाळी पाच वाजता हजर होती. आणि ती बोलत होती.

मी सगळं वाचलं. माझं पोट चिरलं त्या दुपारनंतर तिने पहिली ओळ लिहिली आहे: कशी आहेस, बाळ? मी तुला जन्मात बाळ म्हटलेलं नाही. पण स्वल्पविराम माझा होता. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की मी तुझी आई. त्यावर तू तीन वर्षांत साठलेलं सगळंच लिहिलंस. तिने त्या लेखाबद्दल क्षमा मागितली, इतक्या सुंदर शब्दांत की वाचताना मलाच रडू आलं. आणि तिने तुला शाळेच्या पायरीची गोष्ट सांगितली. शाळा सुटल्यावर तू पायरीवर दोन तास माझी वाट पाहिलीस. मी समोरच्या रस्त्यावर झाडाआड उभी होते, तू दिसत होतीस, आणि लेखाची शेवटची ओळ जमेना म्हणून वहीत खरडत होते. ढालगज, ही गोष्ट मी तुझ्या बाबांनाही सांगितली नाही. रोजनिशीत नाही, झोपेतही नाही. ती जगात एकाच डोक्यात होती, आणि त्या दिवशी त्या डोक्यात शुद्ध नव्हती.

तुला वाटेल कुणी परवलीचा शब्द चोरला. मलाही वाटलं. मी तो बदलला. मग फुंकरचा साज पाहिला. वेगाचे हातमोजे नव्हते, लांबवर पोचणारी काठी नव्हती. सगळे गुण बंधात ओतलेले, आणि बोटात ती अंगठी. मी ती काढून पेटीत टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं, खाली कुणी सायकलची घंटी वाजवत होतं. पडद्यावरचा बाण हलला. पेटी उघडली, अंगठी परत बोटात गेली, आणि फक्त मला दिसेल अशी एक ओळ उमटली: राहू दे ना, तुलाही हेच हवं होतं.

मी वीज बंद केली. परवा पानं लावणाऱ्याच्या यंत्रावरून तुमची लढाई नुसती पाहिली. तू पुढे धावलीस, काकांनी तुला पट्टी बांधली, आकडा आला शून्य. काडेपेटीने काढा दिला, शून्य. तू हसून लिहिलंस, आता फुंकरशिवाय आपलं काही खरं नाही. आणि तिने लिहिलं, मग ये ना भेटायला, बाळ. रविवारी चार वाजता, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. तू लगेच हो म्हणालीस. ती ओळ उमटली तेव्हा माझं यंत्र घरी बंद होतं, आणि मी काडेपेटीच्या शून्याकडे बघत उभी होते.

म्हणून हे हाताने लिहिते आहे. टाइप केलेलं सगळं तिच्या हाताखालून जातं असं वाटतं. रविवारचं बोलावणं माझं नाही. तू येऊ नकोस असं लिहिणार होते, पण तुला मी ओळखते. नको म्हटलं की तू धावत येशील. तेव्हा मीही येते. पायऱ्यांवर एकच बाई दिसेल की दोन, हे मला सांगता येत नाही. दोन दिसल्या तर चेहऱ्यावर जाऊ नकोस, आवाजावर तर नकोच. जी हात पसरून बाळ म्हणेल, तुझा हात हातात घेऊन पुन्हा सुंदर क्षमा मागेल, तिच्या हातात हात देऊ नकोस. आधी बोटात ती अंगठी आहे का बघ. मी खालच्या पायरीवर उभी राहून पहिल्याच वाक्यात तुझ्या केसांवरून, नाहीतर चपलांवरून, काहीतरी लागेल असं बोलेन. रागव, शिव्या घाल, पण माझ्याकडे ये. आणि क्षमेचं म्हणशील तर, तो लेख मी लिहायला नको होता. चूक माझी होती. याहून गोड मला येत नाही, आणि ओळखायची खूण म्हणून ते बरंच आहे.

तुझीच, तोंडाळ
आई