तळ्याचा एक्स-रे

सोनिवली, बदलापूर

प्रिय दिपेश,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. डिसेंबरात तुला आपल्या तळ्यातून आणखी एक नळीभर गाळ काढायचाय, तोवर बिल्डरला उत्तरेचा कोपरा भरू देऊ नकोस, असं तू सांगितलंस. कोपरा उरलेला नाही. गणपतीच्या आधीच सगळं तळं मुरुमाने भरलं. आता तिथे सळ्या उभ्या आहेत.

पहिली नळी काढली तेव्हा छातीभर पाण्यात तराफा धरून मीच उभा होतो. तुझ्या परदेशातल्या मशिनपर्यंत धीर निघेना, म्हणून आपण ती टेम्पोतून उल्हासनगरला सीटी स्कॅनवाल्याकडे नेली. हलू नये म्हणून मी ती मांडीवर घेऊन बसलो होतो. काउंटरवरच्या सिंधी बाईने विचारलं, “पेशंट किधर है, भाऊ?” तू नळी पुढे केलीस. ती म्हणाली, “इसका उमर क्या लिखूँ?” किती हसलो आपण! मग पडद्यावर काळपट गाळात केसाएवढी पांढरी रेघ उमटली आणि तुझे डोळे भरून आले. समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची राख, नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नसती, म्हणालास. मला सगळं कळलं नाही. पण ज्या तळ्यात आपले आण्णा बैल धुवायचे, त्याच्या पोटात देवाने इतकं जुनं काही जपून ठेवलंय, या विचाराने मी घरी येऊन दिवा लावला.

वाटणीत तळ्याकडची बाजू तू अभ्यासासाठी मागून घेतलीस. मी आनंदाने दिली. पुढे तिकडूनच ती बिल्डरला लिहून दिलीस. मी विचारलं, तर म्हणालास, “दादा, तळ्यातलं महत्त्वाचं ते माझ्या नळीत सुरक्षित आहे.” आता एका नळीवर तुझे तिकडचे संशोधक लोक विश्वास ठेवत नाहीत, दुसरी मागतात. त्यांना काय सांगणार आहेस?

यंदा विसर्जन ताडपत्रीच्या हौदात झालं. विसर्जनानंतर पाटावर तळ्यातली मूठभर माती आणायची, रिकामा पाट उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, ही आपली रीत. हौदात माती कुठली? आय ताट घेऊन दारात उभी होती. पाट पाहिला आणि आरती न करताच आत गेली. शेजारच्या वेणूकाकूला म्हणाली, “माज्या नाथानं तलं इकलं.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझ्या वहिनीच्या हातचं जेवते, मी वाढलं तर ताट सरकवते.

मी तिला तुझं नाव सांगितलेलं नाही. धाकटा परदेशात आपलं तळं सांभाळतोय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते आणि मी तिथेच बसून ऐकतो. रोज देवापुढे हात जोडताना वाटतं, हे गप्प राहणं चांगुलपणाचं की नुसतं भित्रेपणाचं? आता मला ते झेपत नाही. डिसेंबरात ये, पण नळ्या आणू नकोस. तिच्यासमोर बस आणि सही कुणाची होती ते तूच सांग. तू आला नाहीस, तर मी सांगेन. मग ती माझ्याशी बोलेल, पण तिला धाकटा उरणार नाही.

तुझाच,
नाथादादा