फिरकीचा तांब्या

प्रिय नातजावई सुदेश,

बरा आहेस ना? आणि नवीन काय काय विसरलास? परवा नागराज ड्रायव्हर बस थांबवून सांगून गेला की रामनगरात तू सगळ्यांना सांगत फिरतोस, ऊन पाण्याच्या कुंडावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. गाडी म्हणे गॅरेजला आहे, आणि रक्षा आजारी आज्जीची सेवा करायला राहिली आहे. बाबा रे, माझ्या तोंडात दात उरले न्हाईत पण मला सगळं लख्ख आठवतं, आणि तिशीतला गडी विसरतो. म्हणून आठवण करून देते. फोन लागत नाही म्हणून चिडू नकोस. आमच्याकडे रेंज झाडावर चढल्यावर येते, आणि तुझ्यासाठी चढायला कुणी तयार न्हाई. मला अक्षर येत नाही, मी बोलते तसं हे उतरवून घेतलंय. अक्षर कुणाचं ते ओळखलंस का? आजवर तुला 'अहो जावईबापू' म्हणत आले, आता 'तू' म्हणते. तोंडाला सोपं जातं.

तुझा निरोप पोचला. दिवाळीच्या आत गाडी आणि रक्षा पाठवून द्या. आधी गाडी, मग माझी नात. गाडी आमच्या फणसाखाली आहे, ठीक आहे. एक काच उघडी राहिली, तर तांबडी कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालायला बसते. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सीट मऊ आहे, मलाही आवडली होती.

त्या सीटवर मला बसवलंस तेव्हा गावभर तुझं कौतुक झालं होतं, ते आठवतं? म्हातारीचे गुडघे धरले म्हणून नातजावई तिला राजापूरच्या उन्हाळे गावी, जमिनीतून येणाऱ्या ऊन पाण्यात बुडवायला नेतो. मी फिरकीचा पितळी तांब्या बरोबर घेतला, येताना ते पाणी भरून आणायला. तू हसलास, म्हणालास, हे डबडं कशाला. डबडं म्हणालास, हे लक्षात ठेव.

खानापूरच्या अलीकडे कुत्रं चाकाखाली आलं. तू थांबला नाहीस. पुढे पंपावर बंपरवरचं रक्त पाण्यानं धुतलंस, शीळ घालत. आंबोलीचा घाट तू असा उतरलास की मला डोंगर दिसलेच न्हाईत, नुसते पोटात जाणवले. सावंतवाडीच्या तळ्याकाठी रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तर त्याची कॉलर धरून त्याचं डोकं त्याच्याच रिक्षाच्या दांडीवर आपटलंस. त्याचा ओठ फाटला, बंडी लाल झाली. तू रुमालानं हात पुसून परत गाडीत बसलास आणि मला विचारलंस, आज्जी, चहा घेणार का. रक्षा समोर बघत बसली होती. तिला नवीन काही दिसलंच नव्हतं. धामापूरच्या तळ्यावर तू तिचा फोटो काढलास, हस म्हणालास, आणि बाही खाली ओढायला लावलीस. एवढ्या उकाड्यात कोपराखाली बाही. मला वाटलं, रामनगरची फॅशन असेल.

तू सगळा बंदोबस्त केला होतास, एकच गोष्ट विसरलास. कुंडावर बायकांची अंघोळ वेगळी असते, आणि तिथे तुला यायला मिळत न्हाई. मी गुडघ्यांपर्यंत पाण्यात, वाफ येतेय, आणि ही पोरगी काठावर नुसते पाय बुडवून बसलेली. मी म्हटलं, लाजतेस काय, तुला मीच न्हाऊ घातलंय. हात धरून ओढली. पाणी पाठीला लागलं आणि ती पदर दातात धरून गुरासारखी कण्हली. पाठीवर उलथण्याचा डाग होता, पात्याच्या आकाराचा, अजून ओला. बरगड्या पिकल्या जांभळासारख्या. कुंडातल्या बायका जवळ सरकल्या. एक अनोळखी बाई आपल्या डोक्याचं खोबरेल घेऊन आली आणि काही न विचारता चोळायला लागली.

मी विचारलं, कशावरून. तर म्हणाली, "आज्जी, उन्हाळ्यात तुला मिडीचं लोणचं पाठवलं न्हवतं का? त्याचं सुरू झालं, ते अजून हाय." कोवळ्या कैऱ्या तिनं स्वतः झाडाखाली उभं राहून उतरवून घेतल्या, स्वतः मिठात घातल्या, आणि एक बरणी तुला न विचारता माझ्याकडे पाठवली. मी ते लोणचं अख्खा पावसाळा पेजेबरोबर खाल्लं, सुदेश. बोटं चाटून. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, माझ्या नातीच्या हाताला चव आहे.

परतताना मी डोळे मिटून बसले, म्हातारी झोपली असं तुला वाटलं. आंबोलीला धुकं दाटलं म्हणून तू गाडी कडेला घेतलीस. तिनं काच वर करायला उशीर केला, धुकं आत आलं. एवढंच. तू डाव्या हातानं तिचे केस धरलेस आणि तिचं डोकं काचेवर आपटलंस. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा न्हाई, कारण मधे माझा तांब्या आला. भरलेला होता. मनगट वाळक्या कळकासारखं वाजलं. तू लहान पोरासारखा आई आई करत होतास, आणि रक्षाच्या कपाळातून रक्त भुवईवर येत होतं, आणि तुझ्याकडे बघताना तिचा चेहरा कसा होता ते मात्र मी सांगणार न्हाई.

मग गाडी तिनंच चालवली. लग्नाआधी काकाची भाताची पिकअप ती चालवायची, हे तू विचारलंच नव्हतंस. तुला बेळगावच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बसलो, तुझ्या दारात उतरवलं आणि तशाच पुढे आलो. माणुसकीत कसूर केली न्हाई. तांब्याला पोचा आलाय, पण पाणी गळत न्हाई. तिचा काका कान्हू रोज कोयता घासतो आणि रामनगरच्या रस्त्याकडे बघतो. मी त्याला सांगितलंय, आधी भात काप. भात आता चारच वाफे उरलंय. तुझा उजवा हात धड आहे, तो तसाच राहू दे.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. तुझ्यासाठी मी एवढी तोंडाची वाफ घालवली नसती. गेल्या आठवड्यापासून ही पोरगी चुलीपुढे बसून म्हणायला लागली होती, आज्जी, त्यांचा हात मोडलाय, जेवण कोण करत असेल, दिवाळीला जाऊन येते. तिच्या पाठीवर खपली धरली आणि तीही तुझ्यासारखीच विसरायला लागली. म्हणून म्हटलं, कागद आण आणि मी सांगते ते लिही. अक्षर तिचंच आहे. कुंडाच्या गोष्टीपाशी पेन थांबलं, तिथे शाईचा डाग दिसेल. मी तिला म्हटलं, गाळायचं असलं तर गाळ, मला वाचता येत न्हाई, कळणार न्हाई. माझी तंबाखू मळून होईपर्यंत तिनं विचार केला आणि लिहिलं. सगळं वाचून दाखवलं. काही गाळलं न्हाई. मग मी म्हटलं, आता गाडीबरोबर जातेस की न्हाई, ते खाली तूच लिही. ती ओळ माझी न्हाई.

तुझी न्हवे, रक्षाचीच आज्जी,
काशी

मी येणार नाही. गाडी न्यायला सासऱ्यांना पाठवा, तुम्ही येऊ नका. त्यांच्या हाती फडताळातल्या मिडीच्या लोणच्याच्या दोन्ही बरण्या पाठवा. वर तेलाचा थर असू दे, तोंडाला कोरडं फडकं बांधा, आणि आत हात घालू नका.
रक्षा