डावं दार

३ नोव्हें., सोम.
सोसायटीबाहेर उभ्या गाडीचं डावं दार टेम्पोने चेपलं. टेम्पोवाला पसार. मॉडेल बंद झालंय, नवं दार मिळत नाही. वापरलेलं शोधायचं. बायकोच्या, शुभाच्या बाजूचं दार. तिला जाऊन आठ महिने. वर्षश्राद्धाला मीनल येईल का, कोण जाणे. एकुलती एक लेक, राहते याच शहरात. माझ्याशी बोलत नाही.

६ नोव्हें., गुरु.
येरवड्याला. जुन्या गाड्यांचे भाग विकणारे शेख. बरोबर टेप, दोरा, लोहचुंबक, शिवाय जुन्या दाराचा पुठ्ठ्यावर काढलेला आकार. तेवीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात काय उगाच काढली! पहिलं दार : आरशाची भोकं वेगळी. दुसऱ्याला चुंबक चिकटेना, वर पुट्टी थापून रंग मारलेला. तिसरं : कर्ण जुळला, बिजागऱ्यांची भोकं जुळली, वायरिंगचा प्लग तोच. दोन तास गेले. शेख म्हणाले, "काका, मुलगी बघायला आलात काय?" म्हटलं, मुलगी वीस मिनिटांत पसंत केली होती.
रिक्षात दार मांडीवर आडवं.

८ नोव्हें., शनि.
झोप नाही. लिहून टाकतो.
शुभाला शेवटचं हॉस्पिटलला नेलं तेव्हा तिच्याकडचं दार लागेना. नेहमीचंच. मी ओरडलो, "जोरात ओढ की. अकरा वर्षांत एक दार लावता येईना तुला." तिच्या हातात जोर होता कुठे. मागे बसलेली मीनल उतरली, बाहेरून दार लावलं, परत बसली. तेराव्यानंतर म्हणाली, "आईशी तुमचं शेवटचं वाक्य ते होतं, बाबा."
नंतरही काहीतरी बोललो असेन. पाणी हवंय का, वगैरे. आठवत नाही.

१० नोव्हें., सोम.
लोणी काळभोर, चेपलेले पत्रे सरळ करणारा डेंटर गणपत. दार बसवलं. वर बोटभर फट, खाली पत्रा घासतोय. शक्यच नाही म्हटलं, मी मोजून आणलंय. गणपतने गाडीच्या चौकटीचं रबर उचकटलं, बॅटरी मारली.
"दार बराबर हाय काका. चौकटीचा खांब वाकलाय. जुना मार हाय, तुमी ठोकली नसंल तर गाडी घ्यायच्या आधीचा."
गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मीच तपासली होती. चार तास. रबर काही उचकटलं नव्हतं.
शुभा म्हणायची, "अहो, दारातच काहीतरी आहे." मी म्हणायचो, दार मी बघून घेतलंय, दोष तुझ्या हातात आहे. सगळ्यांसमोर म्हणायचो. लोक हसायचे. तीही हसायची.

११ नोव्हें., मंगळ.
गणपतचा फोन. "खांब वढून सरळ करू, का जुन्यावानी ठोकून बसवू?"
विचारलं, सरळ केला तर दार लावायला जोर किती लागेल?
"दोन बोटांनी लागंल."
सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. कोणासाठी करायचं आता.
संध्याकाळी मीनलला मेसेज केला. दाराबद्दल आई बरोबर होती, खांब वाकलेला निघाला. पाच वेळा लिहून पुसला, मग पाठवला. अर्ध्या तासाने तिचा फोन. आठ महिन्यांत पहिला.
"हे कळायला डेंटर लागला तुम्हाला?"
म्हटलं, हो, लागला. तिने फोन ठेवला नाही.