तीन वेळा ‘नाही’

प्रिय धाकटे,

रविवार, नऊ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. गल्लीच्या टोकाच्या बाकावर, चारचौघांसमोर, तू मला तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणालीस. शिंप्याने घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगितली, ती माझ्या डोक्यात खिळ्यासारखी बसली आहे. काही वाटलं का गं तुला? तो बाक तुझ्या यजमानांनी बनवला हे खरं, पण त्यावर बसायचे नियम माझे!

आठव जरा. बेकरीवाला आणि गॅरेजवाला एकमेकांच्या काचा फोडत होते आणि पोलीस येऊन चहा पिऊन जात होते. तेव्हा तुझ्या यजमानांनी उरलेल्या फळ्यांचा बाक ठोकला, तोही मुद्दाम आखूड. म्हणाले, कितीही राग असो, खांद्याला खांदा लागलाच पाहिजे. नियम मी काढला: आपली तक्रार नंतर. आधी समोरच्याची तक्रार त्याच्या वतीने सांगायची, आणि त्याने ‘हो, असंच’ म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. तीनदा ‘नाही’ आलं की त्या दिवशीची बैठक संपली. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडण्यात गेली, मला हे सुचणारच. गॅरेजवाल्याने बेकरीवाल्याचा रडवा आवाज काढून ‘माझ्या पावाला ग्रीसचा वास येतो हो’ म्हटलं आणि सगळ्यांत आधी बेकरीवालाच हसला. तेव्हापासून या गल्लीतलं एकही भांडण कोर्टात गेलेलं नाही. त्याच बाकावर माझी अशी शोभा!

मी तुझी बाजू सांगितली नाही का? पहिल्यांदा म्हटलं, हिला वाटतं, करवतीचा आवाज ताईला सहन होत नाही. ‘नाही ताई, असं नाही.’ मग म्हटलं, हिला वाटतं, कॉन्व्हेंटात शिकलेल्या ताईला बहिणीच्या सुतारकामाची लाज वाटते. ‘नाही.’ तिसऱ्यांदा म्हटलं, नवऱ्यामागे एकटीने कारखाना चालवणं म्हणजे काय, हे ताईला कळत नाही. वाक्य इतकं नेटकं होतं की शाळेतल्या सिस्टरांनी बक्षीस दिलं असतं. आणि तू? ‘भाषा छान आहे ताई, पण नाही.’ वर शिंपी म्हणतो, ‘ताई, नियम तुमचाच.’ मेला एरवी माझी बाही बोटभर आखूड करतो, नियम मात्र तसूतसूने पाळतो!

तू कारखाना विकून शहराबाहेर चाललीस, येत्या सोमवारी किल्ल्या देणार, हेही मला दूधवाल्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीला बातमी पोचवायला दूधवाला!

आता माझी बाजू ऐक. पहाटे सहाला तुझी करवत सुरू होते आणि माझ्या कपाटातल्या बश्या नाचायला लागतात. मी कधी चकार शब्द काढला? यजमान जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा तुला काय बोलायचं? म्हणून तुझ्या कारखान्याच्या अंगणाकडच्या खिडकीला जाड, दुहेरी, न उघडणारी काच बसवून घेतली. भांडण नको म्हणून! मी याला समजूतदारपणा म्हणत होते. परवापर्यंत.

परवा संध्याकाळी तीच काच पुसत होते. तू करवत थांबवलीस, चष्म्यावरचा भुसा झटकलास आणि मान वर केलीस. तुझे ओठ हलले. मग मान खाली घालून तू झाडू घेतलास. पूर्वी त्याच वेळी ओरडायचीस, ‘ताई, चहा टाक!’ आणि मी वरून ओरडायचे, ‘आधी पाय झाडून ये, अंगणातला भुसा माझ्या घरात नको!’ काच बसली आणि हाक थांबली. मला इतके दिवस वाटत होतं, तूच हाक मारायची सोडलीस.

म्हणून ही चौथी खेप. तीन नकारांनंतर लेखी सांगता येतं, हाही माझाच नियम, आजवर कुणाला लागला नव्हता. तर तुझ्या वतीने, नेटकेपणा न करता: ‘माझा नवरा गेला. घरात बोलायला कुणी नाही. दिवसाकाठी एक हाक मारायचे, तीही ताईने बंद केली. करवत थांबव म्हणाली असती तर थांबवली असती. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. सगळ्या गल्लीला बोलतं करते आणि माझ्यासमोर काच लावते. मग इथे राहू कुणासाठी?’

चुकलं असेल तिथे खोडून दुरुस्त कर. बरोबर असेल तर खाली ‘हो, असंच’ लिहून सही कर. माझी तक्रार अजून बाकावर सांगायची राहिलीच आहे. पहाटे सहाची करवत मी विसरलेले नाही, आणि ती ऐकायला तू रविवारी त्या आखूड बाकावर माझ्या शेजारी हवीस. किल्ल्यांचं काय करायचं ते त्यानंतर ठरव. लेखी उत्तर शनिवारी, पंधरा तारखेला, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या दारात पोचलं पाहिजे. सहाला काचवाला काच काढायला येतोय. तोवर खिडकीखाली उभी राहून ओरडू नकोस. मला ऐकू येणार नाही.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई