‘सतत’च्या जागी ‘दहा वेळा’

२ डिसेंबर, सोमवार
रोबोटिक्स किट आज कपाटातून काढलं. जूनपासून कुलपात होतं. मुलं खराब करतील म्हणून नव्हे, आधी मी अभ्यास करणार होतो म्हणून. अभ्यास राहिला. शुक्रवारी, तेरा तारखेला, नंदुरबारला तालुका विज्ञान प्रदर्शन, आणि मुख्याध्यापक बन्सीलाल सरांनी मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझं नाव कळवून टाकलंय. अख्ख्या धानोऱ्यात हे दुसऱ्या कुणाला झेपणारही नाही.
संकल्प: रोज एक तास कोडिंग. आज मान धरलीय. उद्यापासून.

४ डिसेंबर, बुधवार
कोडिंगचा उगाच बाऊ करतात. टॅबवर रंगीत ब्लॉक असतात, बोटाने ओढून एकाखाली एक लावायचे. ‘पुढे जा’, ‘डावीकडे वळा’. चक्क मराठीत. मी ‘पुढे जा’ लावलं, गाडी मागे गेली. वायरी उलट्या असणार. आठवीतल्या दामिनी आणि अतिका या दोघींना तपासायला सांगून स्टाफरूममध्ये आलो.

७ डिसेंबर, शनिवार
दोघींनी गाडी काळ्या पट्टीवरून चालवून दाखवली! वळणावर वळते, समोर हात धरला की थांबते. अतिकाचे वडील अजीजभाई विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरून देतात, त्यामुळे वायरी तिच्याकडे. पट्टी चिकटवणंही. ब्लॉक दामिनीकडे. कसं केलं ते दामिनीने दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा मी मान जरा जास्त हलवली.

१० डिसेंबर, मंगळवार
अहवालात एक रकाना आहे: ‘मार्गदर्शकाचे योगदान’. ‘प्रेरणा’ लिहिलं. खोडलं. ‘देखरेख’ लिहिलं. तेही खोडलं. फॉर्म खराब दिसायला लागला.

१२ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी ५.४०
टॅब आणि गाडी घरी आणली. शेवटची नजर टाकायला, बाकी काही नाही. मुलींचे सगळे ब्लॉक एका मोठ्या ब्लॉकच्या पोटात आहेत: ‘सतत करा’. सतत! यंत्र झालं म्हणून काय झालं? सेल किती टिकणार? तो काढून ‘दहा वेळा करा’ घातला. दहा पुष्कळ झाले. गाडीत अपलोड केलं. चालवून बघणार होतो, पण प्रतिभाने ताट वाढलं आणि गार भाकरी मला चालत नाही.
अहवालात लिहिलं: ‘प्रोग्रॅममध्ये तांत्रिक सुधारणा’. छान वाटलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
जीप उशिरा आली. सकाळची ट्रायल राहिली.
दामिनीने परीक्षक बाईंना एकही शब्द न अडखळता माहिती सांगितली. अतिकाने स्विच दाबला. गाडी सरळ निघाली. वळण आलं, वळली नाही. अतिकाने पुढे हात धरला, हाताला धडकून तिरकी झाली आणि टेबलावरून खाली. एक चाक तुटलं. बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा हं.”
मी म्हणालो, “होतात चुका.” कुणाच्या, ते बोललो नाही.
घरी येऊन एक व्हिडिओ पाहिला. दहा वेळा म्हणजे पापणी लवायच्या आत दहा होतात. मग गाडी पट्टीकडे बघणंच सोडते आणि शेवटचा हुकूम धरून सरळ जात राहते. व्हिडिओ फक्त चार मिनिटांचा होता.
‘सतत’ परत लावून ठेवला. जिथल्या तिथे असलेलं बरं.

१४ डिसेंबर, शनिवार
दामिनीने टॅब उघडून एकेक ब्लॉक तपासला. म्हणाली, “सर, चूक सापडतच नाही.” मग अतिकाला म्हणाली, “तुन्ही पट्टीच वाकडी व्हती.” अतिका म्हणाली, “पट्टी सरळ व्हती. चूक तुन्ही शे, मन्ही नही.” आवाज चढले. मी मध्ये पडून दोघींना गप्प केलं आणि उष्णतेचे वहन शिकवलं.

१६ डिसेंबर, सोमवार
दोघी वेगवेगळ्या बाकांवर. पहिलीपासून एका बाकावर बसायच्या, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. त्यांनी हे मलाच का सांगावं?
संकल्प: मधल्या सुट्टीत खरं सांगायचं. मधल्या सुट्टीत दोघींना एकेक पेन दिलं. भारीतलं. दोघींनी “थँक्यू सर” म्हटलं, एकमेकींकडे न बघता. मला बरं वाटलं. साधारण पाऊण तास.

१८ डिसेंबर, बुधवार
बन्सीलाल सरांना अपयशाचं कारण लेखी हवं होतं. लिहिलं: ‘विद्यार्थिनींकडून अनवधानाने चूक’. ‘अनवधानाने’ मी मुद्दाम घातलं, मुलींना लागू नये म्हणून. सर वाचून म्हणाले, मुलींना जमत नसेल तर किट तळोद्याच्या एका शाळेने मागितलंय, नाताळनंतर देऊन टाकू. मी “बरं” म्हणालो. “बरं” का म्हणालो? सही केली, ती माझी वाटत नव्हती.

१९ डिसेंबर, गुरुवार
अजीजभाई शाळेत आले. चपला दाराबाहेर काढल्या. “सर, पोरीकडून शाळेचं नुकसान झालं. चाक बनवून आणलंय. बसतं का बघा. नाही बसलं तर दुसरं करतो.” चाक बघितलं. मूळच्यापेक्षा चांगलं. हात जोडून निघाले. मी त्यांना “काही हरकत नाही” म्हणालो. मी! त्यांना!
जेवण गेलं नाही. प्रतिभाने भाकरी थापता थापता विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. “मंग सांगी टाका ना पोरीसले.”
इतकं सोपं असतं का? हिला शाळेतल्या गोष्टी कळत नाहीत.

२० डिसेंबर, शुक्रवार
घसा बसला. बोलताच येत नाही, तर सांगणार कसं? तिसऱ्या तासाला सहावी-ब वर ओरडलो. घसा सुटला.

२१ डिसेंबर, शनिवार
सांगितलं.
आधी बन्सीलाल सरांना. बुधवारचा लेखी अहवाल परत मागितला. ते म्हणाले, “पण ‘सतत’ काढलंच कशाला?” मी म्हणालो, सेल वाचवायला. त्यांनी फायलीतून अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, किट इथेच राहू द्या.
मग आठवीत गेलो. ‘विज्ञान आणि प्रामाणिकपणा’ असं छोटं भाषण तयार केलं होतं. दुसऱ्या वाक्याला विसरलो. म्हणालो, “चूक मी केली. नंतर ब्लॉक परत लावून ती लपवली. तुमच्यापैकी कुणाचंही चुकलं नव्हतं.” कुणीतरी ‘जाऊ द्या सर’ म्हणेल असं वाटलं होतं.
दामिनी रडायला लागली. “सर, मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.” एवढंच म्हणाली. अतिका दप्तर उचलून तिच्या बाकावर जाऊन बसली. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.
अजीजभाईंच्या दुकानावर जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांनी चहा मागवला. तो पिणं फार अवघड गेलं.

२३ डिसेंबर, सोमवार
मन हलकं. मार्गदर्शक म्हणून नव्याने सुरुवात करायची, या वेळी नीट. मधल्या सुट्टीत लॅबमध्ये गेलो. दोघी गाडीला चाक बसवत होत्या, हसत होत्या. मी गेल्यावर हसणं थांबलं.
प्रोग्रॅम बघावा म्हणून टॅब उचलला. टॅबने पासवर्ड मागितला. पूर्वी मागत नव्हता.
दामिनी अगदी आदराने म्हणाली, “सर, तुम्हाला काय बघायचं ते सांगा. मी उघडून दाखवते.” अतिकाने मला खुर्ची आणून दिली. टेबलापासून चांगली चार हात लांब ठेवली.
बसलो. गाडी सुरेख वळत होती.
पासवर्ड विचारला नाही.