डॉक्टरांचा कोट आणि चिमणीचा जांभळा कोबी

शनिवार, १४ जून. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. तुझ्या स्वयंपाकघरात उभा आहे. डाव्या हाताने एका ओल्या कोटाला पुठ्ठ्याने वारा घालत आहे, उजव्या हाताने हे पत्र.

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे प्रशिक्षण नीट चालले असेल, जेवण वेळेवर मिळत असेल आणि पाठ दुखत नसेल, असे धरून चालतो (दुखत असेल तर हे पत्र आडवे पडून वाच, नंतर पडण्यापेक्षा ते बरे). चिमणी मजेत आहे. तिची सगळी बोटे जागच्या जागी आहेत, फक्त रंग थोडा वेगळा आहे. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ओरडतेस आणि मग मला पुढचे आठवत नाही. कागदाचे तसे नसते. लिहून झाले की याचा फोटो काढून तुला आजच पाठवतो.

जाताना तू बजावले होतेस की मुलीला टीव्हीसमोर बसवू नकोस, काहीतरी शिकव. आता शाळेची आणि माझी नववीतच फारकत झाली, हे तुला ठाऊक आहे. लाँड्रीत इस्त्री करणारा माणूस शिकवून शिकवून काय शिकवणार? म्हणून तिच्या कपाटातून मुलांनी घरी करायच्या प्रयोगांचे पुस्तक काढले. पहिला प्रयोग, पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करणे. पाणी सांडत नाही (हवा पुठ्ठ्याला खालून धरून ठेवते, असे पुस्तक म्हणते). मी आधी न्हाणीघरात एकट्याने सराव केला, बादली खाली ठेवून, बादलीखाली फडके घालून. दुसरा, व्हिनेगरमध्ये अंडे. दोन दिवसांत त्याचे कवच विरघळले आणि ते रबरासारखे झाले. चिमणीने त्याला पाळले आहे. त्याच्यासमोर मोठ्याने बोलायची मला बंदी आहे.

तिसरा प्रयोग जांभळ्या कोबीचा. कोबी चिरून गरम पाण्यात ठेवायचा आणि गाळायचा. त्या जांभळ्या रसात लिंबू पिळले की गुलाबी, साबण घातला की निळा, धुण्याचा सोडा घातला की हिरवा. इथवर सर्व ठीक होते. पण आमच्या दातांच्या डॉक्टरांचा पांढरा कोट आज पाच वाजता हवा होता, आणि चिमणीला एकटे सोडता येत नाही म्हणून मी तो इस्त्रीसाठी इकडेच आणला होता. तो खुर्चीच्या पाठीवर होता. रस टेबलावर होता. मग रस कोटावर होता. (कोणी सांडला, यात शिरण्यात अर्थ नाही, शेवटी मूल लहान आहे.)

ताई, ही साधी गोष्ट नाही. आमच्या लाँड्रीत डागांच्या टेबलावरचा माणूस गेल्या महिन्यात सोडून गेला. तिथे मला बसवायचे की बाहेरचा आणायचा, हे मालक आज ठरवणार होते. इस्त्रीपुढे उभे राहून माझ्या पोटऱ्यांची काय दशा झाली आहे, ते तू पाहिले आहेस. आणि नेमका आजच, माझ्याच हाताखाली, खिशाएवढा डाग. मी घाईने साबण लावला. डाग निळा झाला. घाबरून लिंबू लावले. गुलाबी झाला. चिमणी टाळ्या पिटू लागली, "मामा, अजून एकदा!"

दार वाजले. थांबतो.

(साडेपाच.) मालकच होते, कोट न्यायला आले होते. तुला सांगितलेच आहे, ते उंबरठ्यावरून डागाचे नाव सांगतात. "नाव कळलं की डाग अर्धा गेला," ही त्यांची शिकवण. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "बीट," म्हणाले.

मी काही बोलायच्या आत चिमणीने साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला.

"शाई," मालक म्हणाले, आणि खाली बसले.

तिने सोड्याचे पाणी टाकले.

"गवत... अगं ए, हे काय चाललंय?"

"आजोबा, डाग एकच आहे. तुम्हीच नावं बदलताय."

मी भिंतीकडे पाहू लागलो. मनात म्हटले, टेबल गेले, आता इस्त्रीही जाणार. मालकांनी चष्मा लावला. डागावर वाकून हळू आवाजात विचारले, "मग हा काढायचा कशानं?" ते मला विचारत नव्हते.

चिमणीने पुस्तकाचे पान उलटले. "शेवटी लिहिलंय, भांडी साध्या गार पाण्यानं धुवा."

कोट नळाखाली धरला. रस ओलाच होता. निळे ओघळ गेले, हिरवे गेले, कोट पांढरा झाला. मग मालक म्हणाले, "दुसरं पांढरं कापड आहे का? मला करून बघू दे." मी कपाटातून एक जुना शर्ट दिला. तासभर आजोबा आणि नात एकमेकांच्या हातून थेंब हिसकावत होते. शेवटी मालक म्हणाले, "गरम इस्त्री फिरवली तर काय होईल, बघू तरी." (डागावर इस्त्री फिरवणाऱ्याचे हात तोडीन, असे मला गेली चार वर्षे हेच मालक सांगत आहेत.) डाग पक्का झाला. मालक फार खूश झाले. कोट घेऊन निघताना म्हणाले, "सोमवारपासून डागांच्या टेबलावर बस. आणि शनिवारी हिला घेऊन येत जा."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवले. मग परत येऊन हे पत्र पुढे लिहायला घेतले.

तब्येत सांभाळ.

तुझा धाकटा

ता. क. वर उल्लेखलेला जुना शर्ट भावोजींचा आहे. ते उद्या संध्याकाळी दौऱ्यावरून येतील आणि सोमवारी त्यांना तो लागेल, असे चिमणी आता सांगते. तरी तूच त्यांना फोन करून, शर्ट तू जाण्याआधी कोणाला तरी देऊन टाकलास, एवढे सांगावेस. पत्र लिहिण्याचे कारण मुख्यतः हेच.

ता. क. २ आई, मी चिमणी. रस माझ्याकडून नाही सांडला. मामा मला "सांभाळून, सांभाळून" म्हणत मागे मागे सरकला आणि त्याचं कोपर लागलं. शर्ट पण जुना नव्हता. किमतीची चिठ्ठी मामानेच कात्रीने कापली. अंडं बरं आहे.

(चिमणीच्या वरील मजकुराचे शुद्धलेखन मी, म्हणजे मामाने, तपासले आहे. बाकी कशाला हात लावलेला नाही.)