ड्रमवाला शुद्धीवर आला

४ मार्च

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आमच्या ह्याला म्हणाले, "ड्रम खुशाल वाजवा. दारू आजपासून बंद. लिव्हर आता ऐकायचं नाही." ह्याने विचारलं, "बिअर?" डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्याकडे बघितलं. बायकोकडे बघितलं की काम झालं, अशी बऱ्याच डॉक्टरांची समजूत असते.

बसमध्ये हा म्हणाला, "सोडली." मी म्हटलं, "बरं." अशी त्याने पूर्वीही सोडलेली आहे.

५ मार्च

खरंच सोडलेली दिसते. कपाटातल्या, स्पीकरमागच्या, बुटांच्या खणातल्या बाटल्या त्यानेच काढून दिल्या, मी मोरीत ओतल्या. शिवणयंत्राच्या झाकणाखालूनही दोन निघाल्या! इतकी वर्षं संसार केला आणि ते झाकण एकदा उघडून बघितलं नाही. मला शिवण येत नाही हे त्याला चांगलं ठाऊक.

९ मार्च

हॉटेलात नवा वेटर आलाय. मला विचारतो, "बाकीचा बँड कुठंय?" म्हटलं, एवढाच. मी गाते, नवरा ड्रमवर, भावजी कीबोर्डवर. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. मधूनच कुणी मान वर केली तर आभार मानायचे.

ह्याचा आज पहिला कोरडा कार्यक्रम. हात थरथरत नव्हते. एक ठोका चुकला नाही. पण सगळी गाणी संपली तरी लोकांचं जेवण चाललेलंच. तीन परत घ्यावी लागली. भावजी सारखे घड्याळ बघत होते. मला दम लागला, सर्दी होणार असेल.

१२ मार्च

लेकीचा फोन. "आई, बाबा किती स्पष्ट बोलतायत गं," म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही रडले. मला मनापासून आनंद झालाय. लिहून ठेवते, नंतर नाही म्हणायला नको.

१७ मार्च

सर्दी नाही.

भावजींनी घरी बोलावून दोन रेकॉर्डिंग ऐकवली. गाणं तेच — एक मागच्या वर्षीचं, एक मागच्या आठवड्यातलं. "वहिनी, फरक कळतोय?" न कळायला काय झालं. मागच्या वर्षीचं गाणं आरामात, टेकत टेकत चाललंय. मागच्या आठवड्यातलं बस सुटत असल्यासारखं. आणि दुसरंच बरोबर आहे म्हणे, मूळ गाणं त्याच लयीतलं.

माझ्या गाण्यातल्या ठहरावाचं लोक कौतुक करायचे. "बाई, तुम्ही शब्दाला वेळ देता," म्हणून एका पाहुण्याने फुलं दिली होती. वेळ मी कुठला देतेय! हा प्यायला की ठेका मागे पडायचा, त्या फटीत मी श्वास घ्यायचे. माझी खास शैली म्हणजे ह्याचा तिसरा पेग.

१९ मार्च

ह्याला सांगितलं. "म्हणजे मी चुकीचं वाजवायचो?" "हो." "मग बोलली का नाहीस?" "चांगलं वाटायचं." खूप हसला. मीपण.

मग सराव. भावजींनी लय मोजायचं यंत्र आणलं, टकटक करणारं. ते संथ लावलं, ह्याने संथ वाजवलं. तरी माझी ओळ मध्येच तुटली. पूर्वी तो अडखळायचा तेव्हा मला दम मिळायचा. यंत्र अडखळत नाही.

आणखी एक आहे. प्यायल्यावर आपण गाण्यात नेमके कुठे आहोत हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो माझ्या ओठांकडे बघत वाजवायचा. मी तोंड मिटलं की थांबायचा. आता समोर भिंतीकडे बघून वाजवतो. म्हटलं, माझ्याकडे बघ जरा. बघितलं — पासपोर्टच्या फोटोकडे बघतात तसं. मला वाईट वाटलं. खरं तर लाज वाटायला हवी होती.

२६ मार्च

ह्याने नळ दुरुस्त केला. सकाळी फिरायला जातो. दोन वेळा भूक लागते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला.

आज लोकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रमसाठी! इतका खूश तो आमच्या लग्नातही नव्हता.

४ एप्रिल

तिसऱ्या गाण्यात आवाज पार बसला. ओळ अर्धी सोडली, पुढची भावजींनी कीबोर्डवर कशीबशी झाकली.

मॅनेजर नंतर गोड आवाजात म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना? एक मुलगी आहे ओळखीची. आवाज ठीकठाक, पण दम आहे. शनिवारी चार गाणी तिला देऊन बघू." भावजी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. हा म्हणाला, "बघू की. तुलाही आराम." अगदी मनापासून म्हणाला. भांडावं तर कशावरून?

१२ एप्रिल

मुलगी गायली. ह्याने भरधाव वाजवलं, ती कुठे मागे राहिली नाही. तिच्याकडेही बघत नव्हता, तेवढं एक बरं.

मॅनेजरचा निरोप: पुढच्या महिन्यापासून ती. मी फक्त रविवारी दुपारी, लहान मुलांच्या वाढदिवसांना.

१३ एप्रिल

घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. घसा उत्तम आहे. "वय," म्हणाले.

१५ एप्रिल

हा रात्री जेवताना म्हणाला, "गाणं सोडलंस तरी काय बिघडतं? मी आहे ना आता." इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं. पण गाणं सोडून मी काय करू? मला शिवणसुद्धा येत नाही.

१८ एप्रिल

मध्यंतरात हा तोंड धुवायला गेला होता. बारवाला त्याचा सोडा ओतत होता. मी म्हटलं, "त्यात त्यांचं नेहमीचं घाला." तो म्हणाला, "त्यांना आता चालतं?" मी म्हटलं, "चालतं."

पहिल्या घोटालाच ह्याला कळलं. माझ्याकडे बघितलं. मग ग्लास संपवून खाली ठेवला आणि म्हणाला, "चल, कुठलं गाणं घ्यायचं?"

पुढे माझी एकही ओळ तुटली नाही.